तोल बरोबर

३ फेब्रुवारी, सोमवार

खोकं आलं. केवढं! दारातून आडवं आत येईना, शेवटी उभं करून घेतलं. बायको दारातच — "अहो, यात विमान आहे की विमानतळ?"

चार पंख्यांचं मालवाहू. आमचंच! ज्यात मी एकोणीस वर्षं काढली, तेच. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन फूट. तीनशेच्या वर प्लॅस्टिकचे भाग, सगळे चौकटींत अडकलेले. जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. ही म्हणते, "मग आता तुम्हाला धावपट्टीवर वाढायचं का?"

कॅप्टनसाहेबांसाठी करतोय. अठ्ठावीसला त्यांची लेक त्यांना कायमचं आपल्या गावी घेऊन जाणार आहे. वहिनी गेल्यापासून एकटेच असतात, आणि आता डोळेही जवळजवळ गेले. लेक म्हणाली, "काका, बाबांना हाताला लागेल असं काहीतरी करा ना. फार आठवतं त्यांना विमान." मी लगेच हो म्हणून बसलो.

कोणत्या तोंडाने हो म्हणालो, ते माझं मलाच माहीत.

५ फेब्रुवारी

दिवसभर कापणं आणि घासणं. हिचं नखकटर घेतलं, त्याने भाग सुरेख सुटतात. नखकटरची धार गेली. बोलणी खाल्ली.

९ फेब्रुवारी, रविवार

विमानाचं पोट आतून केलं. माहितीपत्रकात नुसती सपाट जमीन दाखवलीय. मला ते कसं चालणार? बारीक साखळ्या केल्या, जाळी केली, लाकडाचे तुकडे तासून पेट्या केल्या. झाल्यावर मोजल्या तर सात! सात करायच्या असं काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप सातावर थांबले.

आजवर कुठे लिहिलं नाही, ते इथे लिहितो. वाचणार कोण आहे!

मी विमानात माल लावणारा. कुठली पेटी कुठे, पुढे किती वजन, मागे किती — विमानाचा तोल माझ्या कागदावर. गणित कधी चुकायचं नाही म्हणून सगळे मला 'काटा' म्हणायचे. वजनकाट्यातला काटा. उड्डाणाआधी कॅप्टन विचारायचे, "काटा, तोल?" मी म्हणायचो, "तोल बरोबर!" मगच चाकं हलायची.

सव्वीस वर्षं झाली. सहा पेट्या लावून झाल्या आणि सातवी ऐनवेळी बदलून आली. आधीच्या पेटीपेक्षा चारशे किलो जड. ती पुढे घ्यायची तर सगळं उतरवून पुन्हा लावायचं, म्हणजे दोन तास. त्या संध्याकाळपासून माझी रजा सुरू होणार होती. रजा! दिली मागेच ढकलून, अगदी दाराला लागून. साखळ्या आवळल्या. कागदावर जुनंच वजन राहू दिलं.

"काटा, तोल?"

"तोल बरोबर!"

नाक नको तेवढं वर गेलं. कॅप्टनांनी दाबून खाली आणलं, विमान आपटलं, धावपट्टी संपली, पलीकडच्या मातीत पुढचं चाक मोडून थांबलं. सगळे वाचलो ते केवळ त्यांच्यामुळे. विमान भंगारात गेलं. पेट्या त्याच दिवशी दुसऱ्या विमानाने पुढे गेल्या, तोलल्या कोणीच नाहीत. सातवीबरोबर आलेला कागद मी फाडून टाकला. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, वजन बरोबर होतं? म्हटलं, होय साहेब. काट्याच्या शब्दावर शंका कोण घेणार! ठरलं — वैमानिकाने नाक वेळेआधी ओढलं.

कॅप्टन पुन्हा उडाले नाहीत. निवृत्तीपर्यंत फायली.

आणि मी दर महिन्याला त्यांच्याकडे चहाला जातो. मित्र म्हणवून घेतो. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

१२ फेब्रुवारी

धडाच्या दोन्ही बाजू चिकटवल्या. घरातले झाडून सगळे कपड्यांचे चिमटे विमानाला. ही ओले कपडे घेऊन उभी!

१६ फेब्रुवारी, रविवार

पंख, शेपूट, चाकं — सगळं लागलं. टेबलावर ठेवलं. हात काढला.

शेपटीवर बसलं!

नाक वर, शेपूट खाली. पुन्हा ठेवलं, पुन्हा बसलं. चष्मा लावून माहितीपत्रक काढलं. पायरी अकरा — दोन्ही बाजू जोडण्याआधी नाकात ऐंशी ग्रॅम वजन भरा. शेजारी वजनकाट्याचं चित्रसुद्धा काढलंय! मी ते पानच उलटून पुढे गेलो होतो. मला कोण शिकवणार! वर माझ्या पेट्या आणि साखळ्या सगळ्या मागे.

ही आली, बघून हसली. "बसलंय की छान. दमलं असेल हो बिचारं."

मी खेकसलो तिच्यावर. वाट्टेल ते बोललो. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. तिचं काय चुकलं होतं? काहीही नाही.

१७ फेब्रुवारी

पोट पुन्हा फोडायला हवं. हिंमत होईना, जोड इतका सुरेख बसलाय. शेपटीखाली एक काडी चिकटवली. टेकू. खरं विमानही माल चढवताना टेकूवर असतं, म्हणजे कोणी विचारलंच तर उत्तर तयार.

उत्तर तयार ठेवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

१९ फेब्रुवारी

रंग. गच्चीत वर्तमानपत्रं पसरून फवारा मारला. वारा फिरला, निम्मं विमान रंगलं आणि निम्मा मी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कॅप्टनांकडे नेलं. सामान बांधून झालंय, खोल्या रिकाम्या वाटतात. ते खिडकीशी खुर्चीत. विमान त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि त्यांचा हात धरून नाकावर टेकवला.

नंतर मला काही करावंच लागलं नाही. बोटं चालायला लागली. काचा, दार, पंखाची मुळं. पंखे मोजले — "एक, दोन, तीन... हा तिसरा! हा नेहमी उशिरा सुरू व्हायचा, आठवतं? नखरेल कुठला!" इतकं खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बोट सरकत शेपटीशी गेलं, काडीला लागलं. "हे काय रे?"

"टेकू, साहेब. माल चढवतानाचा."

"वा! बारीकसारीकसुद्धा सोडलं नाहीस!"

मग खुर्चीत ताठ बसले. हसत, समोर बघत म्हणाले, "काटा, तोल?"

आणि माझ्या तोंडून सुटलं, "तोल बरोबर!"

तोच आवाज, तोच तोरा. समोर विमान काडीवर उभं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ते मात्र हसायचे थांबले. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बसले. म्हणाले, "त्या दिवशी हे हात चुकले रे. कसे चुकले, अजून कळत नाही. मला आठवतं ते असं, की मी ओढलंच नव्हतं. पण कागद म्हणतो ओढलं. आणि कागद खोटा कसा असेल? कागद तर तुझा."

मी शेपटीखालच्या काडीकडे बघत राहिलो.

"नात झाली ना, तेव्हा तिला उभ्याने घेतलं नाही मी कधी. बसायचो, मग मांडीवर द्यायला सांगायचो. तुझी वहिनी चिडायची. मी म्हणायचो, कंबर दुखते."

मला वाटत होतं, त्यांचं उडणं गेलं, विमान गेलं, एवढंच माझ्या डोक्यावर आहे. हे हातांचं मला ठाऊकच नव्हतं. "स्टिकर लावायचे राहिलेत" असं काहीतरी पुटपुटून विमान उचललं आणि घरी आणलं. पळालोच म्हणायचं.

२२ फेब्रुवारी

हिला सांगितलं. सगळं. भाजी निवडत होती, हात थांबले. मग —

"वहिनींच्या हातचा चहा कसा उतरला हो तुमच्या घशाखाली?"

मी म्हटलं, रोज वाटायचं सांगावं.

"त्या गेल्या त्या नवऱ्याचेच हात चुकले असं धरून गेल्या. आता निदान ते जायच्या आत सांगा. नाहीतर मी जाऊन सांगेन."

जेवायला वाढलं, समोर बसली नाही. लग्नाला सदतीस वर्षं झाली, असं पहिल्यांदा झालं.

२३ फेब्रुवारी, रविवार

काडी काढली. पुढच्या चाकाच्या खाचेतून नाकात भोक पाडलं. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या, एकेक करून आत सोडल्या आणि गोंद ओतला. ऐंशीला उभं राहीना — माझ्या पेट्या! एकशे दहाला राहिलं. तीन चाकांवर, टेकूशिवाय. भोकावर पुट्टी भरली, घासलं, रंग लावला. जोड दिसतो. दिसू दे.

एवढंच करायचं होतं. अर्ध्या दिवसाचं काम.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं!

चपला काढायच्याही आत सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा चहा आला असता आणि मी पुन्हा प्यायलो असतो. सातवी पेटी, रजा, फाडलेला कागद, चौकशीतलं होय साहेब. "तुमचे हात चुकले नव्हते, साहेब. चुकलो मी, आणि मग खोटं बोललो." हे वाक्य येताना रस्त्यात पाठ केलं होतं. तरी दोनदा अडखळलो.

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "किती किलो म्हणालास?"

"चारशे."

"कुठे?"

"अगदी मागे. दाराला लागून."

ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "त्या पेटीचा कागद?"

"फाडला."

"हं. म्हणजे आता दाखवायला काहीच नाही."

"नाही साहेब. पण मी लेखी देतो. कचेरीत पाठवतो, तुमचं नाव साफ होऊ दे."

"काही नको!" एकदम मोठ्याने. मग हात पुढे करून चाचपडत माझा खांदा धरला. डोळ्यांत पाणी, आणि हसत होते. "काटा, काटा... काय रे माणूस तू! सव्वीस वर्षांनी! हे बाहेर कुठे बोलायचं नाही. माझी आज्ञा समज."

मी रडलो. पासष्टाव्या वर्षी, लहान मुलासारखा हुंदके देऊन. त्यांनी पाठीवर थोपटलं. ज्या हातांनी वर्षानुवर्षं धसका घेतलाय, त्याच हातांनी! मला वाटलं होतं, कानाखाली बसेल. हाकलून देतील. काहीच नाही. उलट मला म्हणाले, "चहा टाक बघू. आज तू कर." केला. साखर जास्त झाली, तरी प्यायले.

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "देवमाणूस!" आणि माझ्यासमोर जेवायला बसली. शरम अजून आहे, पण पाय हलके वाटतात.

२८ फेब्रुवारी

गेले. लेक गाडी घेऊन आली होती. विमान मागच्या सीटवर नाही ठेवू दिलं, मांडीवर घेऊन बसले. दोन्ही हातांनी धरून.

२ मार्च, रविवार

लेकीचा फोन. पोचले, रमले. मग आवाज बारीक करून — "काका, बाबांनी सांगितलं मला. तुम्ही काय केलंत ते."

मी उभा राहिलो. म्हटलं, माफ कर गं मला.

"माफ कसलं काका! त्यांच्या समाधानासाठी एवढा मोठा बट्टा स्वतःच्या नावाला लावून घेतलात. कोण करतं हो एवढं?"

"अगं, नाही. ते खरंच —"

"पुरे आता. बाबांनी तेव्हाच ओळखलं. मला म्हणाले, काटा जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही माझ्यासाठी."