रिकामे पिंजरे

४ मार्च
पिंजरे आजही रिकामे! आमिषाला ठेवलेले उंदीर आत मजेत, सापांचा पत्ता नाही. मिशा — माझा इथला एकुलता एक सहकारी — शीळ घालत हिंडतोय. बोटींतल्या मालातून हे साप कधीतरी या बेटावर आले आणि निम्मे पक्षी फस्त करून बसले. त्यांना आवरायचं म्हणून संस्था आम्हाला पोसते. पुढचा निधी द्यायचा की काम गुंडाळायचं, ते याच महिन्यात ठरणार आहे.

७ मार्च
ठमीचा फोन. शाळेत पोहण्यात पहिली आली. मी शाब्बास म्हणेपर्यंत लाइन गेली. भिंतींना बुरशी, गादीला बुरशी, बहुतेक मलाही. घरी जायचंय. लेकीजवळ. बस्स.

१२ मार्च
डोकं उठलंय. धान्याच्या गोदामामागे उंदरांचा नुसता सुळसुळाट! यंदा उंदीर उदंड झालेत. बाहेर आयतं मिळत असताना साप आमच्या पिंजऱ्याकडे कशाला फिरकतील? पिंजरे रिकामे म्हणजे साप संपले असं नाही. सापांची पोटं भरलीत.
मिशाला सांगितलं. तो बराच वेळ बूट पुसत राहिला. मग म्हणाला, "तुझं बरोबर असेल. पण बोललीस, तर निधी मिळेल आणि करारानुसार आणखी तीन वर्षं इथंच."

१३ मार्च
तीन वर्षं. ठमी तोवर माझ्या उंचीची होईल.

१८ मार्च
संस्थेच्या अध्यक्षबाई आल्या. पिंजरे बघून हरखल्याच. मलाच विचारलं, "म्हणजे साप आटोक्यात आले म्हणायचं ना?"
एवढंच म्हणायचं होतं — बाई, जरा गोदामामागे चला. मिशा छताकडे बघत होता. मी म्हणाले, "पिंजरे तरी तसंच सांगतात."
खोटं बोलले नाही. खरंही नाही. बोलले असते तर अडकले असते, गप्प बसले तरी अडकलेच आहे. स्वतःची किळस येते — आणि आत कुठेतरी आनंदही होतोय, त्याचं काय करू?

२५ मार्च
निर्णय आला. काम फत्ते, निधी बंद, अभिनंदन! धक्क्यावरची सामानाची तपासणीही बंद होणार, तीही याच निधीतून चालायची. नवऱ्याला कळवलं. "ये गं लवकर," म्हणाला.
अजूनही अध्यक्षबाईंना फोन करता येईल. दुपारभर फोनसमोर बसून राहिले. मग उठून कपडे घड्या करायला घेतले.

२९ मार्च
बोटीवर. तपासणीच्या खोलीला कुलूप. माझ्या सामानाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मिशाने हात केला, मीही केला. बेट दिसेनासं झालं तरी मोकळं वाटेना.

३१ मार्च
काल घरी पोहोचले. आज सकाळी ठमीने हौसेने माझी ट्रंक उपसायला घेतली. पुस्तकांखालून काहीतरी पातळ, लांबलचक ओढून काढलं. "आई, हे काय गं?"
कात होती. ताजी. अजून मऊ.
ट्रंक उलटी केली. एकेक कपडा झटकला. आत दुसरं काही नाही.
रात्रभर ही ट्रंक ठमीच्या पलंगाखाली उघडी होती.