पुतळ्याची दाढी

३ ऑक्टोबर

दाढी! म्हणे दाढी काढा!

समितीचे अध्यक्ष आज मातीचा पुतळा बघायला आले. मागे चार नंदीबैल. आठ महिने मी या गोलकीपरवर खपतेय — आधी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती, रोज संध्याकाळी ओली फडकी गुंडाळायची, मूल निजवावं तशी. अध्यक्षांनी दोन फेऱ्या मारल्या. "हात छान जमलेत, मॅडम." मग घसा खाकरून, "ही दाढी तेवढी... सगळ्यांना तो आपला वाटला पाहिजे ना."

पंचवीस वर्षांपूर्वी याच दाढीवाल्यानं अंतिम सामन्यात दोन पेनल्टी अडवल्या, तेव्हा सगळ्या शहरानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. तेव्हा नाही टोचली कोणाला!

"बिनदाढीचा हवा असेल तर दुसरा गोलकीपर शोधा," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण पश्चात्ताप नाही.

४ ऑक्टोबर

नवरा म्हणतो, "बोटभर माती गं! खरवडून टाक आणि मोकळी हो."

ताट तसंच ठेवून उठले.

९ ऑक्टोबर

शुक्रवार. दुपारची नमाज आटोपून माझे गोलकीपर आले, नेहमीसारखे तासभर समोर बसले. मी पुतळ्याचे कान करत होते. "गोलात नव्वद मिनिटं उभं राहणं सोपं होतं, ताई," म्हणाले. "तिथं निदान चेंडू तरी यायचा."

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "आम्हा मुसलमानांत पुतळ्याचं काही कौतुक नसतं. मशिदीतले दोघं तर माझ्याशी बोलायचे थांबलेत. पण नात हटून बसली — आजोबा, तुम्ही चौकात उभं राहायचंच!" एवढं बोलून स्वतःच लाजले होते.

दाढीचं आज त्यांना बोलले नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

१४ ऑक्टोबर

समितीची बैठक. नऊ खुर्च्या, आणि गोलकीपरच्या मोहल्ल्यातला एकही माणूस नाही!

अध्यक्ष म्हणतात, "अहो, आमचाच पोरगा आहे तो." आमचाच! हाच तुमचा पोरगा खेळ सोडल्यावर भाड्याची खोली शोधत वणवण फिरला. तुमच्याच इमारतीत आधी हो म्हणाले, आणि नाव ऐकल्यावर "खोली गेली हो"! हे सगळं मी तिथंच, भर बैठकीत ऐकवलं. एकजण बिस्किटाचा पुडा उगाच दुमडत बसला.

मग अध्यक्षांनी थंडपणे सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत दाढी गेली तर ओतकामासाठी साचा काढायला परवानगी. नाहीतर चौकात त्या जागी आपल्या शहरातल्या पोहणाऱ्या मुलीचा पुतळा. तिचे फोटो तयार आहेत."

"मग मी पुतळा स्वतः मोडीन."

"तुमची मर्जी."

घरी पोचेपर्यंत कान तापलेले होते. माघार घेणार नाही. मेले तरी नाही.

१५ ऑक्टोबर

खांद्यापाशी माती चिरलीय. पाणी मारलं. दुसरं काही केलं नाही.

१६ ऑक्टोबर

आज त्यांना सगळं सांगून टाकलं. दाढी, महिनाअखेर, पोहणारी मुलगी, सगळं. खरं सांगायचं तर मला चिडायला जोडीदार हवा होता.

ते चिडलेच नाहीत! दाढीवरून एकदा हात फिरवला. "चाळीस वर्षांची आहे. नियमानं नमाज पढायला लागलो, तेव्हापासूनची." मग, "म्हणजे पुतळा होणार नाही?"

"तुम्हाला सोडून दुसराच कोणी मी तिथं उभा करणार नाही," मी म्हटलं. "समोर बसलाय तो माणूस मी करते. बस्स!" केवढा माझा तोरा! त्यांनी मान हलवली आणि गेले.

आमचं दोघांचं ठरलं तर. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

२१ ऑक्टोबर

समितीला पत्र टाकलं. एकच ओळ — दाढी राहणार. आता बसा बोंबलत!

नवरा म्हणाला, "सुंभ जळेल, पण तुझा पीळ जायचा नाही. पत्र टाकण्याआधी त्यांना विचारलंस तरी?"

विचारायचं काय त्यात? दाढी त्यांचीच आहे ना! याला काही म्हणजे काही कळत नाही.

२३ ऑक्टोबर

ते आले. दारात मी ओळखलंच नाही. गाल उघडे, फिकट, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. "आजोबा चौकात उभे राहणार म्हणून नातीनं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलंय, ताई," म्हणाले, आणि स्टुलावर जाऊन बसले.