छत्रीवाली हेर कोणाच्या वाटणीला

मी, कुमारी सुमेधा दिनानाथ भोईर, वय सत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, मूळ गाव कामण, सध्या राहणार वसई पश्चिम, हे माझे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने करून ठेवीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टर कॅरल यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची एक जादा प्रत मी दुसरीकडे ठेवली आहे. कुठे ते लिहीत नाही, कारण हा कागद आधी कोणाच्या हाती पडेल ते मला ठाऊक नाही.

कोणाच्याही दडपणाखाली न येता, असे इथे लिहायचा रिवाज आहे. दडपण आणायला जे येऊन गेले त्यांना चहा पाजून परत पाठवले, एवढे नमूद करते. माझ्या वकील संपदाताई म्हणतात की मृत्युपत्रात टोमणे शोभत नाहीत. संपदाताई हुशार आहेत, पण वयाने लहान आहेत. टोमणे गाळले तर सत्तर वर्षांतले वाटण्याजोगे फार थोडे उरेल.

कलम १. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. भाऊ जयराम, तुझ्या कपाटात जे आहे तेसुद्धा. ते तिथे कसे गेले हे मी विचारलेले नाही, पण मला माहीत आहे.

कलम २. वसई पश्चिमेतील माझी राहती सदनिका मी स्वतःच्या पगारातून घेतली. तीत माझ्या भावाचा, म्हणजे जयरामचा, एक पैसाही नाही. ही सदनिका आणि बँकेतील ठेव मी माझी भाची निधी जयराम भोईर हिला देते. निधी कॉलेजला असल्यापासून माझ्याजवळ राहते आणि आता इथल्याच एका प्रयोगशाळेत नोकरी करते. पहिल्या मसुद्यात या कलमाला अट होती: मी स्वतः चौकशी करून पसंत केलेल्या मुलाशीच निधीने लग्न करावे, नाहीतर सदनिका जयरामला जाईल. त्या अटीचे काय झाले ते कलम ६ मध्ये येईल. मधली कलमे गाळून कोणी तिकडे उडी मारू नये.

कलम ३. कामणच्या जमिनीतील माझा हिस्सा जयरामला. तिथे त्याने गोदाम बांधून भाड्याने दिलेच आहे आणि माझी सही घ्यायचे राहून गेले, असे तो म्हणतो. राहून गेले! बरे. आता सही घे.

कलम ४. माझी हत्यारे. माझ्याकडे कापडी पिशवी, तराजू आणि तीन वेगवेगळे चष्मे आहेत. वसईत हे सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नाही, तर मीच लिहिते. गेली चाळीसेक वर्षे आमच्या नात्यागोत्यातल्या प्रत्येक मुलीच्या स्थळाची चौकशी मी केली. सांडोरची माझी मैत्रीण इझाबेल तिच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी करते. ती पिशवीत घालून मी मुलाच्या गावी जायचे आणि दारोदार विकायचे. उन्हात वाळवलेली केळी विकणाऱ्या बाईवर कोण संशय घेतो? बायका थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवतात. मग सासू सुनेशी कशी बोलते, मुलगा ताट उचलतो की नाही, दारूची बाटली कुठे लपवतात, सगळे समजते. माझ्या सांगण्यावरून जी लग्ने मोडली ती मोडायलाच हवी होती.

हे मी का करत आले, तेही लिहिते. मी तेवीस वर्षांची असताना भिवंडीकडचे एक स्थळ मला आले होते. मुलगा मला आवडला होता, हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. त्यांच्याकडून एक गृहस्थ चौकशीला कामणला आले, नाक्यावर बसले, चहा प्यायले आणि घरी जाऊन सांगते झाले की मुलीला फिट येतात. मला आयुष्यात कधी फिट आलेली नाही. त्यांच्या कानात हे कोणी घातले ते मला कळले नाही. गावातल्या प्रत्येकावर माझा संशय होता आणि आहे. जे वारले त्यांच्यावरचाही मी उठवलेला नाही.

ही हत्यारे मी माझी वहिनी, जयरामची बायको हेमांगी, हिला देते. निधीच्या बारशाला भर मांडवात ती मला म्हणाली होती, "तुजा लगीन झाला नाय म्हनून तू दुसऱ्यांची मोडतंस." वहिनी, ते मला फार लागले. अजून लागते. पिशवी खांद्याला लावून एकदा चार घरे फिरून बघ, म्हणजे मी काय करत होते ते तुला कळेल.

कलम ५. हे कलम सर्वांनी नीट वाचावे. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या साड्यांच्या खाली, 'छत्रीवाली हेर' या जपानी चित्रकथेचे अकरा भाग आहेत, इंग्रजीत. जुनी गोष्ट आहे, मुलींसाठी काढलेली. पानोपानी फुले, आणि माणसांचे डोळे बशीएवढे. निधीकडे तिचा स्वतःचा संच होता. ती रात्री दार लावून हसायची, तेव्हा मला शंका आली की पुस्तकात चिठ्ठ्या येतात. ती कामावर गेल्यावर मी भाग झटकून पाहिले. चिठ्ठी निघाली नाही, पण मी वाचत बसले. मग निधीला कळू नये म्हणून मी माझा वेगळा संच मागवला. तिला पहिल्या दिवशीच कळले होते.

मी ढिगाऱ्यातले वरचे पुस्तक उचलले ते अकरावे, आणि आपल्या सवयीने डावीकडून उघडले. पहिल्याच पानावर सूचना होती: थांबा, तुम्ही चुकीच्या टोकाला आहात. जे पान थांब म्हणते ते आधी वाचावे, हा माझा चौकशीतला नियम. मी पुढे गेले आणि ढीग वरून खाली वाचत सुटले. गोष्ट अशी: एक बाई आणि एक मास्तर लग्न करून एका छत्रीखाली उभे आहेत. मग ती एकमेकांवर संशय घेऊ लागतात, एकमेकांच्या मागावर राहतात, आणि होता होता एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. उत्तर आधी यायचे आणि प्रश्न नंतर. हेर असेच बोलत असतील, असे मला वाटले. गोष्ट मला अगदी पटली. माणसे अशीच असतात, म्हटले, जपानातही.

निधीने पाहिले आणि हसून हसून ती खाली बसली. "आत्या, तू शेवटाकडून वाचतेयस! हे उजवीकडून वाचायचं असतं. आणि पहिला भाग आधी असतो!"

मग पुन्हा, नीट वाचले. हानाए नावाची मुलगी छत्र्या दुरुस्त करायच्या दुकानात बसते आणि गुपचूप सरकारी हेर असते. समोर राहणाऱ्या कुराता नावाच्या गाणे शिकवणाऱ्या मास्तरावर नजर ठेवायचे काम तिला मिळते. मास्तर पेटी उघडताना बोट चेमटवून घेतो, जिन्यावरून पडतो, मांजराला घाबरतो. तोही हेर असतो, आणि त्याला तिच्यावर नजर ठेवायला धाडलेले असते. दोघे एकमेकांबद्दल वरच्या साहेबांना खोटे कळवू लागतात: आज संशय घेण्यासारखे काही आढळले नाही. समोरच्याला वाचवण्यासाठी लिहिलेले खोटे. चौथ्या भागात दोघे एकाच तिजोरीवर एकाच वेळी येतात आणि एकमेकांना चोर समजून माफी मागत बसतात, तिथे मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी शांताराम वर विचारायला आले. आठव्या भागात मी रडले. तेव्हा कोणी आले नाही.

तर शिफारस करते की हे प्रत्येकाने वाचावे. हेरगिरी पाहिजे त्याने वाचावे, विनोद पाहिजे त्याने वाचावे, आणि प्रेमाबिमावर विश्वास नसलेल्याने तर जरूर वाचावे, कारण माझाही नव्हता. संपदाताईंना मी पहिला भाग वाचायला दिला आहे. त्यांनी अजून परत केलेला नाही, यावर माझे लक्ष आहे. माझा संच हेमांगी वहिनीला द्यावा. इंग्रजी अडले तर निधी सांगेल. वहिनी, सुरुवात उजवीकडून. तुझ्याशी माझे भांडण आहे, पण चांगले पुस्तक तुझ्यापासून लपवून ठेवावे इतके नाही.

कलम ६. आता अट. गेल्या महिन्यात एक तरुण माझ्या दारात आला. गळ्यात ओळखपत्र, ते उलटे. म्हणाला, गॅसच्या पाइपची पाहणी आहे. मला पहिली शंका त्याच्या बुटांवरून आली. ते त्याने दाराबाहेर काढून नीट जोडीने ठेवले. दुसरी, त्याने पाइप बोटाने ठोकून पाहिला, नारळ बघतात तसा. तिसरी शंका उरलीच नाही, कारण तो म्हणाला, "आत्या, रात्री बरं वाटेनासं झालं तर तुम्ही हाक कोणाला मारता?"

परका माणूस मला मावशी म्हणतो, काकू म्हणतो, हल्ली आजीसुद्धा म्हणतात. आत्या म्हणणारी एकच. निधीचे कोणीतरी आहे, त्याचे नाव संकेत आहे आणि तो सातिवलीला काम करतो, इतके माझ्या कानावर होते. मी काही दाखवले नाही. चहा दिला. पण मनात आले, म्हातारी अजून किती टिकते आणि घर कधी मोकळे होते, हे बघायला आलाय. त्याच संध्याकाळी संपदाताईंना फोन करून ती अट घालायला लावली.

मग पिशवी काढली आणि सातिवलीला गेले. तो तिथे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो, राहतो विरारला. फाटकासमोर चहा विकणाऱ्या बाईला मी सुकेळी चाखायला दिली आणि त्याच्याबद्दल काढले. ती म्हणाली, "कोनाशी भांडन नाय, यसन नाय. पन विसरभोला लय. परवा डबा रिक्षातच विसरला." ओळखपत्र उलटे का होते ते समजले. एवढ्यात मागून आवाज आला, "आत्या, सुकेळी कशी दिली?"

"ओळखलंस?"

"निधी म्हणाली होती, पिशवी घेऊन येतील. मी रोज फाटकाकडे बघत होतो. आज आलात."

आम्ही बाहेरच्या खोक्यांवर बसलो. मी सरळ विचारले, "माझ्या घरात खोटं बोलून कशाला शिरलास?"

"चौकशीला."

"कोणाच्या?"

"तुमच्या," तो म्हणाला. "निधी लग्नाला नाही म्हणते. म्हणते, आत्या एकटी राहू शकणार नाही, तिला सोडून मी येणार नाही. दोन वर्षं हेच चाललंय. तिला विचारलं की रडते. म्हटलं, आपण बघून तरी येऊ."

हे मला माहीत नव्हते. साऱ्या गावाच्या घरातले मला कळते आणि माझ्या घरातली मुलगी माझ्यासाठी लग्न थांबवून बसली आहे, हे मला कळले नव्हते. मी त्याला विचारले, "मग जाऊन काय सांगितलंस तिला? माझ्याबद्दल?"

उत्तर ऐकायची मला भीती होती, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या चौकशीला यापूर्वी एकच माणूस आला होता.

संकेत म्हणाला, "सांगितलं की आत्या ठणठणीत आहेत. आणि त्यांनी मला दारातच ओळखलं, तरी हाकललं नाही, चहा दिला. मला त्या आवडल्या, असंही सांगितलं."

मला रडू आले, सातिवलीच्या रस्त्यावर, टेम्पोवाल्यांच्या देखत. त्याने रुमालासाठी खिसे चाचपले, तर रुमाल विसरलेला. चहावालीने पदर पुढे केला.

हे सगळे तो पाठ करून आला होता का, याचा विचार मी घरी येईपर्यंत केला. असेलही. पण हानाए मास्तरावर विश्वास ठेवते तेव्हा तिच्याही हातात पुरावा नसतो. सबब कलम २ मधील अट मी काढून टाकीत आहे. सदनिका मात्र निधीच्या एकटीच्या नावावर राहील. संकेत चांगला मुलगा आहे. तरीही.

कलम ७. निधी, हे तुला. मसुद्यात मी लिहिले होते की माझ्या पश्चात तू आपल्या मनाप्रमाणे वागायला मोकळी आहेस. संपदाताईंनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि मला ऐकवेना. तू मोकळी होण्यासाठी माझ्या मरणाची वाट बघायची? संपदाताई सांगतात की मृत्युपत्रातला कोणताही मजकूर माणूस गेल्यावरच अमलात येतो. त्यांचा कायदा त्यांच्यापाशी. हे एक कलम मी सही करताक्षणी अमलात आले असे समज. लग्न कर. विरारला जाऊन राहा. माझ्याकडे पाहुणी म्हणून ये, आणि आल्यावर लगेच घड्याळ बघू नकोस. तू गेल्यावर मला घरात एकटीला भीती वाटेल. वाटेलच. ती माझी आहे, आणि ती मी कोणाच्याही नावे करीत नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, आणि कोणी पान बदलले नाही ना हे पाहण्यासाठी पुन्हा एकदा वाचला. प्रत्येक पानावर माझी सही आहे.

सही: सुमेधा दिनानाथ भोईर

सुमेधाबाईंनी आम्हा दोघांच्या समोर सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली.

साक्षीदार १: इझाबेल तुस्कानो, सांडोर
साक्षीदार २: शांताराम गावडे, सेक्रेटरी, वसई पश्चिम

स्थळ: वसई, जिल्हा पालघर
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५