होडीतली हळद

आयुषचे पप्पा,

तुमी बोलून न्हाई राहिले, म्हणून लिहून ठेवते. शिजवलेली हळद तुमच्या फायबरच्या होडीत वाळत घातली, तर एवढं रुसत असतेत व्हय? आज होडी आतून साबणानं घासली, पॉलिश पेपर मारला, वाळल्यावर पांढरा रंग दिला. तरी खालून पिवळं वर येऊनच राहिलं. मंग सगळीकडून पिवळाच रंग लावून टाकला. मासळी काय नावं ठेवती?

आयुषला घेऊन दळणाला चालले. भाकरी अन् ठेचा टोपल्यात झाकून ठेवलाय.

रंग उद्यापर्यंत वाळत न्हाई. तवा रुसून होडीत झोपायचं आज जमायचं न्हाई. तुमचं अंथरूण घरात टाकलंय, माझ्या बराबर.

— सपना