दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, श्रीमती साचिको भागोजी मयेकर (लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेले नाव शांता, जे पुढे कुणीच वापरले नाही), वय ७१, काम पूर्वी व्हॉलीबॉल खेळणे व नंतर शिकवणे, जन्माने जपानची, १९९१ पासून भारताची नागरिक, राहणार मालगुंड, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. मराठी मी सासूबाई तुळसाबाई यांच्याकडून शिकले, त्यामुळे रागवायला मला ती जपानीपेक्षा सोपी जाते. वाचणाऱ्याने तेवढे समजून घ्यावे.

कलम १. माझे पती कै. भागोजी हे जहाजावर होते. कोबे बंदरात त्यांचे जहाज दुरुस्तीला थांबले होते, तेव्हा आमची ओळख झाली. त्यांच्या नोकरीतून बांधलेले हे घर आणि परसातली आंब्याची पाच कलमे मी गावातल्या मुलींच्या क्रीडा मंडळाला देते. आतल्या गावांतून खेळायला येणाऱ्या मुलींनी तिथे राहावे. माझ्या स्वयंपाकघरात सुकट भाजली तरी चालेल. मी इतकी वर्षे नाक धरून बसले, आता प्रश्न नाही.

कलम २. कातळावरचे मैदान. भागोजींनी आणि मी दोन उन्हाळे जांभा फोडून ते सपाट केले. तेही मंडळाला. माझे पुतणे चि. गुरुप्रसाद यांना तिथे लॉज बांधायचा आहे. त्यांना मी माझा प्रेशर कुकर देते. चाळीस वर्षे ते मला पाठीमागे चिनी काकी म्हणतात. मी जपानची आहे हे त्यांनी कुकरची शिट्टी ऐकताना आठवावे.

मैदानाला एक अट आहे. डॉक्टरने छाती तपासल्याशिवाय एकाही मुलीने त्यावर पाय ठेवायचा नाही. दुसरी अटही आहे, ती कलम ४ च्या शेवटी कळेल.

कलम ३. जाळी, खांब, बावीस चेंडू, सगळे मंडळाचे. बँकेतली शिल्लक माझी विद्यार्थिनी कु. सानवी धोंडू दुर्गवळी हिच्या तपासणीला आणि शिक्षणाला. ती खेळो वा न खेळो.

कलम ४. लोखंडी पेटीत सरावाच्या अकरा वह्या आहेत. त्या जपानीत आहेत आणि गावात कुणाला वाचता येणार नाहीत, याचा मला फार वर्षे आधार वाटला. आता त्यात काय आहे ते मीच सांगते.

अठराव्या वर्षी मी ओसाकाजवळच्या एका सूतगिरणीच्या संघात लागले. दुपारपर्यंत गिरणीत काम, मग रात्रीपर्यंत खेळ. पुढे राष्ट्रीय संघात दोन वर्षे होते, त्यातले बहुतेक दिवस बाकावर. गावात माझी ओळख करून देताना लोक बाक वगळतात. गिरणीच्या संघात मात्र मी कर्णधार होते. आमच्याकडे पद्धत अशी, की ओळीने शंभर चेंडू उचलायचे. एक जरी जमिनीला लागला, तर पुन्हा एकपासून. मोजायचे काम कर्णधाराचे. दुखते असे म्हणायचे नाही.

फुमिए नावाची मुलगी होती, नऊ नंबरची. सगळ्यांत उंच, लांब हात, लांब बोटे. शेवटच्या वहीतल्या तीन नोंदी मी इथे उतरवते.

"फुमिए आज सरावात छाती धरून बसली. आळशी आहे. उठ म्हटले. उठली."

"फुमिएला डोळ्यांपुढे काळे दिसले म्हणे. उठ म्हटले. उठली."

"त्र्याण्णवाव्या चेंडूला फुमिए पडली. मी एकपासून मोजायला लागले. सातपर्यंत मोजले. फुमिए उठली नाही."

त्यानंतरची पाने कोरी आहेत. मी पुन्हा त्या संघातून खेळले नाही. तिचा नऊ नंबरचा सदरा पेटीत सगळ्यांत खाली आहे. तो माझ्याबरोबर चितेवर ठेवावा. धुवू नये.

मैदानाची दुसरी अट अशी. चेंडू पडला तर पुढे मोजायचे. एकपासून नाही.

कलम ५. हे सगळे मी गावात सांगितले नाही. उलट तीच पद्धत इथे चालवली आणि त्या शिस्तीचे कौतुकही करून घेतले. सानवीला मी दहाव्या वर्षापासून शिकवले. आज ती सतरा वर्षांची आहे आणि दाराच्या चौकटीला तिचे डोके लागते. तिचे हात, तिची बोटे पाहिली की मला फुमिए दिसते. दिवाळीपासून ती दोनदा छातीवर हात ठेवून खाली बसली. मी विचारले तर म्हणाली, "काय नाय बाय, धाप लागली." ती खोटे बोलते, आणि ते खोटे मीच तिला शिकवले आहे.

माझी जुनी विद्यार्थिनी वैष्णवी साळवी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिने सानवीच्या छातीला नळी लावून ऐकले. ठोक्याबरोबर वारा फुंकल्यासारखा आवाज येतो, रत्नागिरीला नेऊन हृदयाची सोनोग्राफी करा, तोवर पळू देऊ नका, असे तिने स्पष्ट सांगितले. पण राज्य संघाची निवड परवा पुण्यात आहे. शाळेच्या नव्या प्रशिक्षकांनी कुठून तरी तब्येतीचा दाखला आणला. देणाऱ्याने मुलीला पाहिलेही नाही.

मी तीन वेळा तिचे वडील धोंडू यांच्याकडे गेले. ते आंब्याच्या बागेत राखण करतात, सरळ माणूस, मुलीवर जीव आहे. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते ग्रामदेवतेला कौल लावून आले होते. म्हणाले, "बाय, देवानं उजवा कौल दिलान. आता डागदर कशाला?"

मी विचारले, "देवाला काय विचारलंत?"

"पोरगी पुन्यात खेळंल का, ता इचारला."

देवाचे उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. ती खेळेलच. फुमिएही खेळली. खेळून परत येईल का, हे कुणी विचारले नाही.

मला भीती वाटते. म्हणून हा कागद आजच लिहिला. जिवंत म्हातारीचे कुणी ऐकत नाही, पण मृत्युपत्र वाचताना आपल्या गावात सगळे गप्प बसतात. साक्षीदाराला आतला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, असे वकील म्हणाले. मी मात्र धोंडूंना साक्षीदार म्हणून बोलावले आहे आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे.

ठिकाण: मालगुंड
तारीख: ३ जानेवारी २०२५

सही: साचिको भा. मयेकर

साक्षीदार १: वैष्णवी साळवी (सही)

साक्षीदार २: 

सहीनंतर जोडलेला मजकूर, त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहा वाजता, माझ्याच हातचा:

धोंडू आले. ओटीवर बसून त्यांनी सगळे ऐकले. मग विचारले, "बाय, तुमी तेवा त्या पोरीला थांबवलात का नाय?"

मी म्हटले, "मी मोजत होते."

त्यांनी पेन हातात घेतले आणि परत ठेवले. "आता नाय करत सही. घरी जाऊन पोरीकडं बघतो. करायची झाली तर सकाळी सहाला येतो," असे म्हणून उठले. सानवीला घेऊन ते जाणार ती पुण्याची गाडी सहालाच सुटते. दोन्हीकडे त्यांना जाता येणार नाही.

दोन साक्षीदारांशिवाय हा कागद रद्दी आहे. मग घर, मैदान, सगळे गुरुप्रसादचे होईल. होऊ दे. धोंडू आले नाहीत, तर ही जागा भरायला दुसऱ्या कुणालाही बोलावू नये, हे मी वैष्णवीला बजावले आहे. परत निघताना तिने सांगितले, की सानवी पायरीखाली बापाची वाट पाहत होती आणि भिंतीला टेकून उभी होती.

सकाळी सहाला मी ओटीवर बसलेली असेन. पेन कागदावर ठेवले आहे. मोजणार नाही.