'मुख्य' नावाची किल्ली

ती. भावोजींना सादर नमस्कार.

इकडे आईचे गुडघे सोडले तर सगळ्यांचं बरं आहे. तुमचं रंगकाम संपलं असावं. (आई राहायला यायचं म्हणाली की तुमच्या भिंतींना रंग लागतो, हे ताईच्या अजून लक्षात आलेलं नाही. माझ्या आलं आहे.) "घर सासूबाईंचंच आहे" हे तुमचं वाक्य आई शेजारपाजारी अजून मिरवते.

पत्राचं कारण माझी नोकरी. आम्ही एपीआय तपासतो, म्हणजे एका संगणकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसरा धड उत्तर देतो का ते पाहतो. प्रत्येक प्रश्नासोबत एक गुप्त किल्ली पाठवावी लागते. आमच्या किल्ल्या टेस्टिंगच्या टूलमध्ये उघड्यावर पडलेल्या असत. साहेब कुठलंसं व्याख्यान ऐकून आले (त्यांना अधूनमधून सुरक्षेचा झटका येतो) आणि फर्मान सुटलं: पासवर्ड मॅनेजर टूलला जोडा, किल्ली टूलच काढून घेईल, कुणाच्या नजरेला पडणार नाही. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण असला मॅनेजर वापरणारा ऑफिसात मी एकटा. तोही तुमच्या कृपेने.

अख्ख्या कुटुंबाचे पासवर्ड एका तिजोरीत गोळा करून तुम्ही आम्हाला शिस्तीवर प्रवचन दिलं होतंत. त्यात तुमच्या वायफायचा पासवर्ड 'मुख्य' नावाने ठेवलात. (बाकीचे आम्ही दुय्यम.) नाव भारदस्त वाटलं म्हणून ऑफिसच्या किल्लीलाही मी तेच दिलं.

मंगळवारी ग्राहक बाई आल्या. मोठ्या पडद्यापुढे मी बटण दाबलं, टूलने आज्ञाधारकपणे 'मुख्य' उचलली. फक्त माझ्या लॅपटॉपवर ऑफिसची नव्हे, घरची तिजोरी उघडी होती. समोरच्या सर्व्हरने किल्ली नाकारली आणि नाकारताना लाल अक्षरांत छापली: सासूबाईकधीजाणार१. (एकचा आकडा मजबुतीसाठी असणार.)

साहेबांनी पडदा पोटाने झाकायचा प्रयत्न केला. पोट मोठं आहे, पण वाक्य लांब होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "हे यंत्र विचारतंय, की जावई?"

मी जावई म्हणालो. त्यांनी काम दुसरीकडे दिलं. (बाई स्वतः सध्या लेकीकडे राहतात, हे नंतर कळलं.) माझं काय करायचं ते साहेब पुढच्या आठवड्यात ठरवणार आहेत. नोकरीची धाकधूक आहेच, पण खरं सांगू, आईचा शेजारपाजारी मिरवतानाचा चेहरा आठवला आणि जास्त लागलं.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
धाकटा मेहुणा

ता. क. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

ता. क. २ : ती रविवारी तुमच्याकडे येते आहे. बॅग भरून झाली.

ता. क. ३ : तिने नवा फोन घेतलाय आणि तो कुणाच्या हातात देत नाही. आल्या आल्या वायफायचा पासवर्ड मागेल. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा बदलायचा नसेल तर एकेक अक्षर मोठ्याने सांगा. ताई शेजारीच उभी असेल.