पाटीवर न मावलेले

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, बाटल्या भरण्याच्या कारखान्यातला निवृत्त फिटर, कोणाच्याही दबावाला बळी न पडता ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोचे मत घेतलेले नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या माघारी बायकोचे, तिच्यानंतर मुलीचे. म्हातारपण लांबले तर घराची तयारी असावी म्हणून मी साठाव्या वर्षीच न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, उंबरे काढले, विजेची बटणे कमरेइतकी खाली आणली. मुलीने यातले काहीही बदलू नये. तीही म्हातारी होणार आहे.

कलम २. ठेवीचे आणि पेन्शनचे कागद कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहेत. त्यात भांडण्याजोगे काही नाही. निवृत्तीआधी कारखान्याने दोन दिवसांचे शिबिर घेतले होते, तिथे सांगितलेले सगळे मी तंतोतंत केले. शेवटच्या दहा मिनिटांत तिथल्या शिक्षकांनी विचारले होते, "आता दिवसभर घरी कोणाबरोबर असणार? त्या माणसाशी तुमचं बोलणं आहे का?" आम्ही सगळे हसलो आणि चहाला उठलो. त्या शिक्षकांवर माझा आजही राग आहे. त्यांनी आम्हाला दटावून परत बसवायला हवे होते.

कलम ३. पान्यांचा संच जावयाला. तो त्याला हात लावणार नाही, हे माहीत असून देत आहे. ड्रिल मशीन धाकट्या भावाकडेच आहे. नऊ वर्षांपूर्वी "दोन भोकं पाडतो आणि आणून देतो" म्हणून घेऊन गेला होता. ते त्यालाच दिले असे समजावे, म्हणजे आता तरी तो जिन्यात मला बघून तोंड चुकवणार नाही.

कलम ४. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली पाटी. हिच्यामुळेच कारखान्यात मला पाटीवाले म्हणत. बायको इस्पितळात नर्स होती. मुलीजवळ सतत कोणीतरी हवे म्हणून तिने सकाळची पाळी घेतली, मी दुपारची. सुट्टीचे वारही वेगळे. तीस वर्षे आम्ही जिन्यात भेटलो आणि संसार पाटीवर केला. "दूध तापवलंय." "नळ गळतोय." "नळ केला." एकदा तिने लिहिले होते, "आई गेली. मुलीला घेऊन निघते." मी त्याखाली लिहिले, "बरं." पाटीवर बरीच जागा शिल्लक होती. ही पाटी कोणालाही देऊ नये.

कलम ५. दोन आरामखुर्च्या मुलीला. निवृत्तीनंतर समोरासमोर बसायला म्हणून घेतल्या होत्या. पहिल्या सोमवारी आम्ही एकत्र जेवलो. ती म्हणाली, "तुम्ही जेवताना एवढा आवाज करता?" मी म्हणालो, "तू चहात इतकी साखर घेतेस?" मग विषय संपले. पंधरा दिवसांत आपोआप पाळ्या लागल्या: पुढची खोली बारापर्यंत तिची, बारानंतर माझी. पाटी पुन्हा सुरू झाली. खोटे कशाला बोलू, आमचे बरे चालले होते.

कलम ६. उरलेले खडू जवळच्या शाळेला. दोन वर्षांपूर्वी बायकोची नजर जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, नजर वाचणार नाही; बाकी तब्येत ठणठणीत, नव्वदी सहज गाठतील. मी अक्षरे मोठी काढू लागलो. जाड खडू आणले. शेवटी पाटीवर एकच शब्द मावू लागला: "चहा". तिने पाटीवरून हात फिरवला आणि तोही पुसला गेला. "अहो, मला दिसत नाही, पण ऐकू येतं. बोला की," ती म्हणाली. मी "हो" म्हणालो. त्याला दोन महिने झाले. रोज तिच्या खोलीत जातो, खाकरतो, खिडकी उघडतो आणि परत येतो.

कलम ७. मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा साहेबांनी मला सकाळची पाळी देऊ केली होती. मी नको म्हणालो. घरी येऊन पाटीवर लिहिले, "मिळाली नाही." खाली तिचे उत्तर होते, "असू दे. परत विचारा." ती पुढे कित्येक वर्षे "विचारलंत का?" लिहीत राहिली. मी घाबरलो होतो. रोज संध्याकाळी हिच्यासमोर बसून बोलायचे काय, याची मला भीती वाटत होती. तिच्या वाटणीच्या अठरा वर्षांच्या संध्याकाळी मी अशा घालवल्या. त्या परत करण्याची तरतूद मला कुठल्याही कायद्यात सापडली नाही. मला माफ कर.

कलम ८. सहीआधी मजकूर मोठ्याने वाचायचा असतो, असे वकील म्हणाले. मी त्यांना मुद्दाम घरी बोलावले आहे, पुढच्या खोलीत, सकाळी अकराला, तिच्या वेळेत. माझ्या तोंडून निघत नाही ते निदान त्यांच्या तोंडून तिच्या कानावर पडेल.

सहीआधी माझ्या हाताने घातलेली भर: वकिलांनी सातवे कलम वाचले. बायको म्हणाली, "वकीलसाहेब, थांबा. एवढं त्यांना वाचू दे." मी कागद घेतला. "मुलगी बारा वर्षांची" इथपर्यंत आलो आणि पुढे आवाज फुटेना. साक्षीदार माना खाली घालून बसले आहेत. ती माझ्याकडे बघते आहे, पण मी आहे त्याच्या जरा डावीकडे. मी पेन उचलले. कागदावरची खरखर तिने बरोबर ओळखली.

"अहो," ती म्हणाली, "परत लिहायलाच लागलात?"

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त फिटर, ऊर्फ पाटीवाले

साक्षीदार: (सही) खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर
(सही) वकिलांचे कारकून

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सात, गुरुवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे
शेरा: वाचन सातव्या कलमावर थांबले आहे.